विदूषक कोणाच्या पदरी?



संस्कृत नाटकातला विदूषक बहुधा राजाच्या पदरी असतो. तो खादाड, भित्रा, राजाचा जिवलग. राजाच्या प्रेमप्रकरणांची थट्टा करण्याची त्याला मुभा असते. राजाच्या करवसुलीविषयी किंवा कारागृहाविषयी मात्र तो सहसा तोंड उघडत नाही. तमाशातला सोंगाड्या वेगळ्या मातीचा. तो पाटलाच्या गावात उभा राहून पाटलाचीच फिरकी घेतो, देवादिकांनाही सोडत नाही, आणि त्याची चूल पेटते ती समोर बसलेल्या गर्दीच्या दौलतजाद्यावर. विनोदी नटाच्या कारकिर्दीकडे पाहताना म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हा की, हा माणूस कोणाच्या पदरी आहे? त्याचे कौशल्य, त्याची लोकप्रियता, त्याचे पुरस्कार हे सारे नंतरचे.

इटलीचा दारिओ फो हा नट, नाटककार, दिग्दर्शक, नेपथ्यकार, गीतकार, चित्रकार आणि या सर्वांच्या आधी विदूषक होता. त्याच्या आयुष्यात हा प्रश्न तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा त्याने धनी सोडला. पहिल्यांदा सरकारी दूरचित्रवाणी, दुसऱ्यांदा सुखवस्तू प्रेक्षकांची नाट्यगृहे आणि तिसऱ्यांदा डाव्या पक्षाची सभागृहे. पहिल्या दोन त्यागांचे कौतुक आपण सहज करू शकतो. तिसऱ्याविषयी बोलताना पक्षकार्यकर्त्यांनी थोडे अंतर्मुख व्हायला हवे.

फोचा जन्म २४ मार्च १९२६ रोजी उत्तर इटलीत, माज्जोरे सरोवराजवळच्या सांजानो या गावी झाला. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर, विचाराने समाजवादी आणि हौशी नट; आई शेतकरी घरातली. आजोबा गाडीत भाजी घालून गावोगाव विकत, आणि गिऱ्हाईक जमावे म्हणून त्या त्या गावातल्या भानगडी मीठमसाला लावून सांगत. सरोवराच्या काठी कोळी होते, काचकारखान्यातले कामगार होते, सीमेपलीकडून चोरटा माल आणणारे होते. या मंडळींच्या गप्पांत थाप जितकी मोठी, तितका ती मारणाऱ्याचा मान मोठा. पुढे जगभरच्या नाट्यपंडितांनी फोच्या शैलीची मुळे शोधताना बरेच ग्रंथ धुंडाळले. तो स्वतः मात्र या गप्पिष्टांनाच आपले गुरू मानीत असे.

त्याच्या तारुण्यात एक अवघड पान आहे. महायुद्धाच्या अखेरच्या काळात मुसोलिनीच्या सालो राजवटीच्या सैन्यात तो काही काळ होता. १९७०च्या दशकात विरोधकांनी हे उकरून काढले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. वडील प्रतिकार चळवळीला मदत करीत होते, त्यांच्यावर संशय येऊ नये म्हणून आपण भरती झालो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. ते सर्वांना पटले नाही. ज्याची थोरवी सांगायची त्याच्या चरित्रातले असे पान गाळून पुढे जाण्याची सवय चांगली नव्हे, एवढेच येथे म्हणायचे.

युद्धानंतर मिलानमध्ये चित्रकला आणि वास्तुशास्त्र शिकत असताना तो रंगमंचाकडे ओढला गेला. १९५१च्या सुमारास रेडिओवर त्याची एकपात्री मालिका सुरू झाली. तीत काइन आणि आबेल, डेव्हिड आणि गॉलायथ यांच्या कथा तो उलट्या बाजूने सांगे. ज्याला सर्वांनी खलनायक ठरवले त्याचेही काही म्हणणे असेल, ही त्यामागची खोड. रेडिओने मालिका बंद केली. १९५४मध्ये त्याने फ्रांका रामेशी विवाह केला. रामेचे घराणे फिरत्या नाटकवाल्यांचे. आठ दिवसांची असतानाच आईच्या कडेवरून ती रंगमंचावर आली होती. फोची बहुतेक नाटके या दोघांच्या संसारात, तालमीत आणि भांडणात घडली आहेत. नोबेल एकाच्या नावावर असले तरी ते दोघांचे आहे, असे फो स्वतःच सांगत असे, आणि ते नुसते सौजन्य नव्हते.

१९६२मध्ये इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीने ‘कांत्सोनिस्सिमा’ हा देशातला अत्यंत लोकप्रिय करमणुकीचा कार्यक्रम या जोडप्याच्या हाती दिला. गाणी आणि सोडत यांच्यामध्ये विनोदी प्रवेश असत. फोने त्या प्रवेशांत गिरणीतली बाई आणली, माफिया आणला. मग एका भागात त्याने मजुरांच्या सुरक्षिततेवर चार पैसे खर्च करायला नकार देणारा बांधकाम कंत्राटदार आणला. बांधकाम कामगारांचा लढा तेव्हा प्रत्यक्षात चालू होता. अधिकाऱ्यांनी प्रवेश कापायला सांगितले. फो आणि रामे कार्यक्रम सोडून बाहेर पडले. त्यांच्यावर दावे झाले आणि १९७७पर्यंत इटलीच्या पडद्याचे दार त्यांना बंद राहिले. घराघरांत पोहोचलेले नाव, हातातला पैसा आणि प्रसिद्धी त्यांनी एका कंत्राटदारावरच्या विनोदासाठी सोडली. तो विनोद कापला असता तर देशात कोणालाही कळले नसते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सोडण्याचे मोल समजते.

तरीही पोटापाण्याची ददात नव्हती. १९५९पासून त्यांची स्वतःची नाटकमंडळी होती, मोठ्या नाट्यगृहांत त्यांची प्रहसने गर्दी खेचत होती. १९६८ साली युरोपभर विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले, तेव्हा फोला या गर्दीचाच संशय येऊ लागला. ज्यांच्यावर आपण कोरडे ओढतो तेच पहिल्या रांगेत बसून खदखदा हसतात आणि हसून हलके होऊन घरी जातात, मग आपण नेमके काय करतो आहोत? बूर्झ्वांचे विदूषक होणे आता पुरे, असे म्हणत त्याने व्यावसायिक रंगभूमी सोडली. ‘नुओव्हा शेना’ ही सहकारी तत्त्वावरची मंडळी निघाली. तिला आधार होता कम्युनिस्ट पक्षाच्या जवळच्या ‘आर्ची’ या सांस्कृतिक संघटनेचा. इटलीत गावोगावी कामगारांची लोकगृहे होती: एक सभागृह, एक पानगृह, एक वाचनालय. तेथे मंच उभारायचा, प्रयोग करायचा आणि प्रयोग संपला की तिसरा अंक म्हणून प्रेक्षकांशी चर्चा करायची. त्या चर्चेत निघालेले पुढच्या प्रयोगात जायचे.

याच काळात, १९६९मध्ये, ‘मिस्तेरो बुफ्फो’ जन्मले. त्याच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण फोची सगळी पुंजी त्यात आहे. रंगमंच रिकामा. काळे कपडे घातलेला एकच माणूस. मध्ययुगात जत्रेत खेळ करणाऱ्या भटक्या विदूषकांच्या परंपरेतून उचललेल्या बायबलकथा आणि दंतकथा तो सांगतो आणि साकारतो. लाझारस मेलेला असतो आणि येशू त्याला उठवणार, अशी बातमी पसरलेली असते. फो चमत्कार दाखवीत नाही, तो दाखवतो गर्दी. स्मशानाचा रखवालदार आत यायचे पैसे घेतो आहे, कोणी खुर्च्या भाड्याने देतो आहे, कोणी मासळी विकतो आहे, उठेल की नाही यावर पैजा लागल्या आहेत. प्रेत उठते, सगळे थक्क होतात, आणि नेमक्या त्या क्षणी कोणाचा तरी खिसा कापला जातो. ही सारी माणसे तो एकटा उभी करतो. मान एका बाजूला वळवली की रखवालदार, दुसऱ्या बाजूला वळवली की मासळीवाला. पंढरीच्या वाळवंटात किंवा जेजुरीच्या पायऱ्यांवर ज्याने गर्दी पाहिली आहे, त्याला हे दृश्य समजायला इटालियन यावे लागत नाही.

भाषाही त्याने वेगळीच घडवली. उत्तर इटलीतल्या बोलींची सरमिसळ आणि जोडीला ‘ग्रामेलो’, म्हणजे अर्थ नसलेल्या पण अर्थाचा पक्का भास करून देणाऱ्या ध्वनींची बडबड. भुकेने वेडावलेला शेतमजूर या बडबडीत स्वतःचेच अवयव खातो, मग स्वप्नात पंचपक्वान्ने रांधतो आणि शेवटी एका माशीवर ताव मारतो. प्रेक्षक हसता हसता थबकतात.

या नाटकात एक कथा विदूषकाच्या जन्माची आहे. एक शेतकरी डोंगरावरचा उजाड तुकडा घामाने हिरवा करतो. जमीनदार तो हिसकावतो, त्याच्या बायकोवर अत्याचार करतो. घर उद्ध्वस्त होते. शेतकरी गळफास लावायला निघतो तेव्हा एक वाटसरू पाणी मागतो. तो येशू असतो. तो शेतकऱ्याला जमीन परत देत नाही, जमीनदाराला शासनही करीत नाही. तो त्याला वाणी देतो, आणि ती घेऊन चौकाचौकांत जायला सांगतो. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले ते याच जाणिवेतून. अडाण्याला लुबाडणारा भट प्रथम त्याच्या भाषेवर मात करतो, मग त्याच्या पैशावर. फोच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका नाटकाचे नावच मुळी ‘कामगाराला तीनशे शब्द येतात, मालकाला हजार, म्हणून तो मालक’ असे आहे.

आणि याच नाटकावरून बिनसले. एका लोकगृहात कामगार वाचनालय रिकामे करीत असतात; तेथे बिलियर्डचे टेबल यायचे असते. पुस्तके खोक्यांत भरताना एकेक उघडले जाते आणि त्यातली माणसे बाहेर येतात. त्यांत ग्राम्शी असतो, मायकोव्हस्की असतो, आणि स्तालिनच्या काळात प्रागमध्ये खोट्या खटल्यात फाशी गेलेला स्लान्स्कीही असतो. पक्षाच्याच छपराखाली, पक्षाच्याच सभासदांसमोर प्रश्न विचारला गेला होता की वाचनालयाच्या जागी बिलियर्ड आले कसे, आणि ही पुस्तके इतकी वर्षे मिटलेली का राहिली? पक्षाच्या दैनिकाने नाटकाला झोडपले. लोकगृहांच्या तारखा मिळेनाशा झाल्या. फो पक्षाचा सभासद कधीच नव्हता, रामे होती. तिने पक्ष सोडला. १९७०मध्ये दोघांनी ‘ला कोमूने’ ही स्वतंत्र मंडळी काढली आणि मिलानमधल्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये खेळ सुरू केले.

या भांडणात सारा दोष एकाच बाजूचा होता असे नाही. निवडणुका लढवणाऱ्या, लाखो सभासद सांभाळणाऱ्या पक्षाच्या अडचणी एकट्या नटाला कळत नाहीत. फोची त्या काळातली भाषा काही वेळा अतिरेकी होती, आणि नव्या मंडळीतही फाटाफूट झालीच. पण पक्षाने केलेली चूक अधिक महागाची होती. मालकावरचा विनोद ज्या सभागृहात चालतो आणि सचिवावरचा चालत नाही, त्या सभागृहातले लोक हळूहळू मालकावरच्या विनोदालाही सवयीने हसू लागतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने लालबावटा कलापथकाच्या खेळांवर बंदी आणली याबद्दल आपण आजही संतापाने बोलतो. आपल्याच कलापथकातल्या सोंगाड्याने तालुका समितीची नक्कल केली असता काय झाले असते, हा प्रश्न मात्र आपण क्वचित विचारतो.

सर्व पदर सुटल्यावर फोने आपले सर्वांत गाजलेले नाटक लिहिले. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातल्या कृषी बँकेत बॉम्बस्फोट झाला. १७ माणसे मेली, ८८ जखमी झाली. पोलिसांनी लगोलग अराज्यवाद्यांना धरले. त्यांत जुझेप्पे पिनेल्ली हा ४१ वर्षांचा रेल्वे कामगार होता. कायद्याने ठरवलेली मुदत उलटून गेल्यावरही त्याला अडकवून ठेवले होते. १५ डिसेंबरच्या मध्यरात्री पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून तो खाली पडला आणि मेला. त्याने उडी मारली, असे पोलिसांनी सांगितले. कशी आणि का, याचे तपशील मात्र दर खेपेला बदलत गेले.

एका वर्षाच्या आत, डिसेंबर १९७०मध्ये, ‘एका अराज्यवाद्याचा अपघाती मृत्यू’ मंचावर आले. पोलीस ठाण्यात एक वेडा येतो. निरनिराळी सोंगे घेणे हाच त्याचा आजार. तो न्यायाधीशाचे सोंग घेतो आणि चौकशीला बसतो. अधिकाऱ्यांना तो दरडावत नाही, त्यांना मदत करतो. तुमच्या जबानीत ही विसंगती आहे, ती अशी दूर करू; आता ही नवी विसंगती आली, ती तशी झाकू. प्रत्येक दुरुस्तीसरशी खोटे अधिक उघडे पडते. प्रेक्षक पोट धरून हसतात आणि हसण्याच्या मध्येच त्यांच्या लक्षात येते की, संवादांतल्या बऱ्याच ओळी प्रत्यक्ष कागदपत्रांतून आल्या आहेत. त्याच सुमारास या मृत्यूवरून बदनामीचा एक खटला चालू होता. त्यातली साक्ष आली की नाटकाची संहिता बदले. कोठडीतल्या मृत्यूंच्या पंचनाम्यांची भाषा आपल्याकडेही फारशी निराळी नसते.

नाटकातला वेडा शेवटाकडे एक कडू गोष्ट बोलून जातो. घोटाळा उघडकीला येणे ही सत्तेला घातक गोष्ट नव्हे, ती तिची पाचक गोळी आहे. लोक संतापतात, मोठ्याने ढेकर देतात, बरे वाटते आणि कारभार पूर्ववत चालू राहतो. आपल्या नाटकाचीही अशीच ढेकर होईल, ही भीती फोला होती. तिसऱ्या अंकातल्या चर्चा होत्या त्या यासाठीच. पुढे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर हे नाटक तुफान चालले, तेव्हा त्यातली कोलांटीउडी राहिली आणि राग गळाला अशी त्याची तक्रार होती. ती रास्त होती.

या कामाची किंमत वसूल झाली, आणि ती प्रथम रामेकडून झाली. ९ मार्च १९७३ रोजी मिलानच्या रस्त्यावरून फॅसिस्ट गुंडांनी तिला गाडीत ओढले, तिच्यावर बलात्कार केला, सिगारेटचे चटके दिले. दोन महिन्यांनी ती पुन्हा मंचावर उभी राहिली. काही वर्षांनी त्या प्रसंगावर स्वतः लिहिलेले स्वगत तिने प्रेक्षकांसमोर सादर केले. त्यात विनोदाचा लवलेश नाही. १९९८मध्ये एका माजी नवफॅसिस्टाची जबानी पुढे आली. हा हल्ला कॅराबिनिएरी पोलीस दलातल्या अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून झाला, असे तीत म्हटले होते. पण तोपर्यंत गुन्ह्याची मुदत उलटली होती. त्याच १९७३च्या नोव्हेंबरात सार्डिनियातल्या सास्सारी येथे तालमीत पोलिसांना शिरू दिले नाही म्हणून फोला अटक झाली होती.

१९७४मध्ये मंडळीने मिलानच्या जुन्या भाजीबाजारातली ‘पालात्सिना लिबर्टी’ ही ओस पडलेली इमारत ताब्यात घेतली आणि तेथे ‘परवडत नाही? पैसे देत नाही!’ हे प्रहसन आले. महागाईने पिचलेल्या बायका दुकानातला माल उचलून आणतात आणि कोटाखाली लपवून गरोदरपणाचे सोंग करतात. घरचा नवरा कायदा पाळणारा कम्युनिस्ट कामगार, उपाशी राहील पण चोरीचा घास खाणार नाही. नाटकातली खरी गंमत पोलिसांपेक्षा या नवऱ्याची आहे. त्याच सुमारास, १९७२पासून, मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. दोन्ही ठिकाणी महागाईचे राजकारण प्रथम स्वयंपाकघरात कळले आणि पक्ष-कार्यालयात जरा उशिरा पोहोचले.

१९७७मध्ये ‘मिस्तेरो बुफ्फो’ अखेर दूरचित्रवाणीवर दिसले आणि दूरचित्रवाणीच्या इतिहासात याहून पाखंडी काही झाले नाही, असा व्हॅटिकनकडून संताप व्यक्त झाला. १९८०मध्ये अमेरिकेने व्हिसा नाकारला. १९८४मध्ये त्याचे नाटक ब्रॉडवेवर लागले तेव्हा दिला. १९९५मध्ये मेंदूच्या आघाताने त्याची दृष्टी बरीचशी गेली. ९ ऑक्टोबर १९९७ला तो मोटारीने रोमहून मिलानकडे निघाला असताना शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या माणसांनी फलक दाखवून त्याला नोबेल मिळाल्याचे कळवले. स्टॉकहोमला त्याने लिखित भाषणाऐवजी स्वतः काढलेल्या चित्रांची पाने श्रोत्यांच्या हाती दिली, आणि विदूषकांना बेलाशक मारझोड करण्याची मुभा देणाऱ्या १२२१ सालच्या राजाज्ञेपासून सुरुवात केली. पुरस्काराची रक्कम अपंगांच्या साहाय्यासाठी दिली.

राजकारणात उतरण्याची हौस त्याला शेवटपर्यंत होती. २००६मध्ये मिलानच्या महापौरपदासाठी डाव्या आघाडीने उमेदवार निवडला तेव्हा त्यालाही सुमारे २३ टक्के मते पडली. रामे त्याच वर्षी सेनेटवर निवडून गेली आणि २००८मध्ये कंटाळून राजीनामा देऊन परतली. २९ मे २०१३ला ती गेली. फो अखेरच्या वर्षांत बेप्पे ग्रिल्लो या दुसऱ्या विनोदी नटाच्या पक्षामागे उभा राहिला. प्रस्थापितांवरचा राग हाच ज्या पक्षाचा कार्यक्रम, त्याच्याविषयी इतका भरवसा त्याने दाखवायला नको होता. मालक सोडण्याची कला अवगत असलेल्या माणसालाही मित्र निवडताना चूक होऊ शकते. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तो मिलानमध्ये मरण पावला. कॅथीड्रलसमोरच्या चौकात भर पावसात लोक निरोपाला जमले. धर्मविधी झाला नाही.

नाटकाने काढलेल्या प्रश्नाचे पुढे काय झाले? पिनेल्लीने आत्महत्या केली नाही आणि त्याचा खूनही झाला नाही, भोवळ येऊन त्याचा तोल गेला, असा निष्कर्ष १९७५मध्ये चौकशी न्यायाधीशाने काढला. ज्याच्या कार्यालयातून तो पडला तो अधिकारी लुइजी कालाब्रेझी त्या क्षणी खोलीत नव्हता, हेही त्यात नमूद झाले. पण कालाब्रेझीला १७ मे १९७२लाच घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या होत्या. मंचावरचा हशा आणि रस्त्यावरची गोळी एक नव्हेत. तरी त्या काळी डाव्या पत्रांनी त्याच्याविरुद्ध जी भाषा वापरली ती आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते. बॉम्ब नवफॅसिस्टांनी ठेवला होता, असे इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये सांगितले. ज्यांची नावे घेतली ते पूर्वीच निर्दोष सुटले असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालणे शक्य नव्हते. ९ मे २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी लीचिया पिनेल्ली आणि जेम्मा कालाब्रेझी या दोन्ही विधवांना बोलावले, आणि पिनेल्ली निरपराध बळी होता हे राज्याच्या वतीने प्रथमच उच्चारले गेले. त्या दिवशी दोघींनी हात मिळवले.

पियात्सा फोंताना चौकात आज पिनेल्लीच्या नावाचे दोन दगड शेजारी शेजारी आहेत. एक मिलानच्या विद्यार्थ्यांनी आणि लोकशाहीवाद्यांनी बसवलेला, दुसरा नगरपालिकेचा. दोन्हींवर तो निरपराध असल्याचे कोरले आहे. पहिल्यावर तो मारला गेला असे लिहिले आहे, दुसऱ्यावर त्याला दुर्दैवी मृत्यू आला असे. दोन्ही दगड अजून तेथेच आहेत.